थारोळ्याकाठची मोहरी

रोज दोन्ही वेळा जिची फोडणी बसते ती मोहरी झाडावर पाहिलेली माणसं महाराष्ट्रात आता थोडीच सापडतील. हरभऱ्याचा टहाळा सगळे ओळखतात, गव्हाची ओंबी ओळखतात. मोहरी म्हटलं की मात्र पंजाबातलं, सिनेमात पाहिलेलं पिवळं रान डोळ्यांपुढे येतं. आपल्याकडे तसं रान नव्हतंच. आपली मोहरी असायची बांधाच्या कडेला, पाटाच्या दोन्ही अंगांना, गव्हाच्या शेवटच्या साऱ्यात, परसात न्हाणीच्या सांडपाण्यावर. आणि ती असायची बायकांची.

कऱ्हेकाठच्या आमच्या गावी आजोबांच्या सातबाऱ्यावर ज्वारी, बाजरी, गहू, हरभरा, मटकी अशी पिकं सालोसाल लिहिलेली आहेत. मोहरीचं नाव एकदाही नाही. तरी आजीच्या हयातीत घरात मोहरी विकत आणल्याचं कुणाला आठवत नाही. तलाठ्याने जिची नोंद केली नाही त्या पिकाचा इतिहास शोधायचा, तर तो आजीच्या, थोरल्या काकीच्या आणि शेतावर कामाला येणाऱ्या मावशीच्या बोलण्यातच शोधावा लागतो. मी तो तिथूनच गोळा केला आहे. पुस्तकांतून जे मिळालं ते नंतर त्याला येऊन मिळालं.

गव्हाची पेरणी पुरुषांची. चाड्यावर मूठ आजोबांची. पाभर शेताबाहेर निघाली की आजी ओच्यात मोहरी घेऊन पाटाच्या कडेने बी फोकत जायची. तिच्याकडे दोन वाण होते. एक बारीक, काळपट तांबडी मोहरी; ती फोडणीची आणि लोणच्याची. दुसरं जरा टपोरं शिरस. ते तेलाला आणि औषधाला. आम्हा पोरींना दोन्हींत फरक दिसायचा नाही. आजी म्हणायची, "पान बघ की. शिरसाचं वरचं पान दांड्याला मिठी मारून बसतंय, मोहरीचं देठावर लोंबतंय." पुढे कॉलेजात वनस्पतिशास्त्राच्या पुस्तकात ह्या दोन जातींची ओळख वाचली, तेव्हा तिथेही पहिली खूण हीच दिलेली होती. शिरस म्हणजे ब्रासिका रापा आणि मोहरी म्हणजे ब्रासिका जुन्शिया. ह्या दोघींचं नातं १९३५ साली वू जांग-चून ह्या कोरियन वंशाच्या शास्त्रज्ञाने जपानमध्ये उलगडलं. शिरसाच्या कुळीत गुणसूत्रांच्या १० जोड्या, काळी मोहरी ह्या तिसऱ्या, वेगळ्या जातीत ८, आणि आपल्या फोडणीच्या मोहरीत बरोबर १८. म्हणजे शिरस आणि काळी मोहरी ह्यांचा कधीकाळी संकर झाला आणि त्यातून आपली मोहरी जन्मली. आजी शिरसाला मोहरीची आई म्हणायची. तिला हे कुणी सांगितलं असेल असं वाटत नाही. टपोरं ते थोरलं, एवढाच तिचा हिशेब असावा. पण नातं तिने बरोबर लावलं होतं.

आमच्या घरात बहात्तरच्या दुष्काळाइतक्या गोष्टी दुसऱ्या कशाच्याही नाहीत. पाऊस गेला, ज्वारीचं बी जमिनीतच जळलं, आणि घरातल्या बायका-पुरुषांनी रस्त्याच्या कामावर खडी फोडली. रेशनवर परदेशातून आलेला लाल मिलो मिळायचा, पोरांना सुकडी मिळायची. ह्या गोष्टी महाराष्ट्रात घरोघरी सांगतात. आमच्या घरच्या गोष्टीत आणखी एक पात्र आहे, ते म्हणजे विहिरीच्या थारोळ्याकाठची मोहरी. मोट केव्हाच सुटली होती, तिच्या जागी इंजिन आलं होतं. पण जुनं दगडी थारोळं जागेवर होतं आणि इंजिनाचं पाणी त्यातूनच पाटाला जायचं. त्या साली विहिरीत पाणी जेमतेम तळाला. सकाळी थोडा वेळ इंजिन चालायचं, तेही जनावरांच्या आणि माणसांच्या पाण्यापुरतं. थारोळ्याच्या दगडांच्या सांध्यांतून जे झिरपायचं त्या ओलीवर, कुणी न पेरता, आदल्या वर्षी सांडलेली मोहरी उगवली.

आजी कामावरून येताना त्या झाडांचा खालचा पाला खुडून आणायची. शेंडा कधी खुडला नाही. पाला उकळून ते पाणी टाकून द्यायचं, कारण दुष्काळातला पाला कडवट होतो. मग लसणाची पाकळी आणि मिठाचा खडा घालून परतायचा आणि मिलोच्या भाकरीवर घ्यायचा. काकी तेव्हा नुकती लग्न होऊन आलेली. ती सांगते की मिलोची भाकरी घशाखाली उतरायची नाही, पण त्या पाल्याबरोबर उतरायची. तांदुळजा, घोळ, पाथरी ह्या भाज्याही शोधून आणायच्या, पण त्या पाण्याअभावी लवकर संपल्या. मोहरी मात्र तग धरून राहिली. तिचं सोटमूळ खोल जातं आणि थंडीतल्या दवावरसुद्धा ती दिवस काढते.

त्या झाडांना जे थोडं बी धरलं ते आजीने चिंधीत बांधून कणगीच्या आड ठेवलं. पुढच्या साली पाऊस बरा झाला, तेव्हा तेच बी पेरलं. आजी पुढे आयुष्यभर सांगत राहिली की त्या सालापासून आमची मोहरी घाईवर आली. शेजारच्या मळ्यात फूल दिसायच्या आधी आमच्या पाटाला पिवळं दिसायचं. "दुष्काळ बघितल्यालं बी हाय त्ये, त्येला दम निघत न्हाय," असं ती म्हणायची. घरातले पुरुष हे ऐकून घ्यायचे आणि सोडून द्यायचे.

मला ते सोडून देता आलं नाही, कारण २००७ साली अमेरिकेत प्रसिद्ध झालेलं एक संशोधन पुढे माझ्या वाचनात आलं. स्टीव्हन फ्रँक्स, शीना सिम आणि आर्थर वाइस ह्या तिघांनी दक्षिण कॅलिफोर्नियात रानोमाळ वाढणाऱ्या शिरसावर, म्हणजे ब्रासिका रापावरच, ते केलं होतं. तिथे २००० ते २००४ अशी पाच वर्षं पाऊस फार कमी झाला. त्यांच्याकडे दुष्काळाआधी, १९९७ साली, गोळा केलेलं बी जपून ठेवलेलं होतं. दुष्काळानंतर २००४ साली त्यांनी त्याच जागांवरचं बी पुन्हा गोळा केलं आणि दोन्ही एकाच वेळी, एकाच हवेत वाढवलं. ओलसर जागेवरून आलेल्या बियांची नवी झाडं जुन्यांपेक्षा सरासरी साडेआठ दिवस आधी फुलली. कोरड्या जागेवरच्या झाडांत हा फरक सुमारे दोन दिवसांचा होता, कारण तिथली झाडं मुळातच घाईची होती. पाच-सात पिढ्यांत एवढा बदल. बियाला आठवण असते असा ह्याचा अर्थ नाही. उशिरा फुलणारी झाडं बी धरण्याआधीच वाळून गेली आणि घाई करणाऱ्यांचाच वंश पुढे चालला, एवढंच घडलं. पण हे एवढंच म्हणजे डार्विनने सांगितलेली निवड, माणसाच्या डोळ्यांदेखत. थारोळ्याकाठीही तेच घडलं असणार असं मला वाटतं. जी झाडं पाणी पुरतं आटण्याआधी फुलली, तीच आजीच्या चिंधीत आली.

कॅलिफोर्नियातल्या त्या मोहरीचीही एक जुनी गोष्ट तिथले लोक सांगतात. स्पेनहून आलेल्या पाद्र्यांनी एका मठापासून दुसऱ्या मठापर्यंत चालताना वाटेने मोहरीचं बी टाकलं, म्हणजे पुढच्या वसंतात पिवळ्या फुलांवरून वाट सापडावी. ही गोष्ट खरी असो नसो, मोहरी तिथली मूळची नाही, माणसाबरोबर गेलेली आहे, हे नक्की. ब्रासिका रापाची शेती प्रथम मध्य आशियात, हिंदुकुशच्या डोंगरांजवळ, काही हजार वर्षांपूर्वी सुरू झाली असावी असं अलीकडचा जनुकीय अभ्यास सांगतो. तिथून ती चहूकडे गेली. कुणी तिचा कंद वाढवून सलगम केलं, चीनमध्ये पानं वाढवून पाकचोय केला, आपल्याकडे दाणा निवडून शिरस आणि तोरिया केला. जगात आज जी शेताबाहेर रानटी म्हणून उभी दिसते, तीही बरीचशी शेतातून निसटलेलीच. त्यामुळे मोहरीला पीक म्हणावं की तण, हा वाद मला आजीच्या पाटावरच मिटलेला दिसतो. पहिल्या वर्षी तिने फोकलं म्हणून आली, दुसऱ्या वर्षी सांडली म्हणून आली, तिसऱ्या वर्षी आजीने खुरपताना मुद्दाम ठेवली म्हणून राहिली.

मोहरी काढायची पहाटे, दव असताना. ऊन चढल्यावर हात लावला की शेंग तडकते आणि दाणा जमिनीला जातो. पेंढ्या जुन्या लुगड्यावर पसरून दोन दिवस उन्हात द्यायच्या, काठीने हलकं बडवायचं, मग सुपात घ्यायचं. मोहरी पाखडणं हे कसबाचं काम आहे. दाणा इतका गोल की सुपावरून धावतो. हात जरा चुकला की भुश्याबरोबर दाणाही खाली. काकीच्या मनगटाला ती लय होती. सूप एका अंगाला कलतं धरून ती दाणा आपल्याकडे बोलावून घ्यायची आणि कोंडा पलीकडच्या कडेने जाऊ द्यायची.

स्वयंपाकात मोहरीला फोडणीपुरतं मर्यादित केलं, ही आपल्या पिढीने तिची केलेली हेळसांड आहे. आजी मोहरी फेसायची. पाट्यावर मूठभर मोहरी, चिमूट मीठ, आणि गार पाण्याचा हबका. पहिले काही हात वरवंटा नुसता खरखरतो, वास काही नाही. मग दाण्याची सालं फुटतात, आतला पिवळा गर पाण्यात मिसळतो, पाट्यावर फेस धरतो आणि एकाएकी झणक नाकातून थेट कपाळात जाते. डोळ्यांना धारा लागल्या की मोहरी फेसली. दाण्यात सिनिग्रिन नावाचं द्रव्य आणि मायरोसिनेज नावाचं विकर वेगवेगळ्या कप्प्यांत असतात. दाणा चिरडून पाणी लागलं की दोन्ही भेटतात आणि त्यातून तो झणझणीत तेलकट पदार्थ तयार होतो. गरम पाणी घातलं तर विकर मरतं आणि हाती नुसता कडवटपणा येतो. आजीचा "पानी गारच पायजे" हा हट्ट त्यासाठी होता. उकळत्या तेलातही तेच होतं, म्हणून फोडणीतली मोहरी खमंग लागते, झणझणत नाही. फेसलेली मोहरी घातलेली केळ्याची कोशिंबीर, काकडीची कोशिंबीर, कैरीचं लोणचं ह्यांची चव ज्यांनी घेतली आहे त्यांना मी काय म्हणते ते कळेल. तळकोकणात आणि गोव्यात पिकलेल्या रायवळ आंब्यांचं सासव अजून मन लावून करतात. तिथे खोबऱ्याबरोबर मोहरी वाटतात आणि आंब्याच्या गोडीला तिची झणक देतात. लोणच्यात मोहरी नुसती चवीला नसते. तिची ती झणक बुरशीला आणि जंतूंना रोखते. बरणी वर्षभर टिकते त्यात तेला-मिठाइतकाच तिचाही वाटा आहे.

बाळंतिणीच्या खोलीत संध्याकाळी धुरी व्हायची. शेगडीत निखारे, त्यावर ऊद, ओवा, लसणाची सालं, कडुनिंबाचा पाला आणि शिरसाचे चार दाणे. शिक्षण घेतलेल्या आमच्या पिढीने ह्या धुरीला नाकं मुरडली. तान्ह्या बाळाच्या छातीला धूर बरा नव्हे, हे खरंच आहे आणि ती धुरी बंद झाली हे योग्यच झालं. पण ती आजीच्या मनची नव्हती. सुश्रुतसंहितेत शस्त्रक्रियेनंतर रोग्याच्या भोवती धुरी द्यायला सांगितली आहे. त्यात गुग्गुळ, अगरू, राळ, वेखंड, गौरसर्षप म्हणजे पांढऱ्या मोहरीचं चूर्ण, मीठ, कडुनिंबाची पानं आणि तूप आहे. आजीने सुश्रुताचं नाव ऐकलेलं नव्हतं. ती यादी कुठल्या कुठल्या सासू-सुनांच्या हातांतून उतरत कऱ्हेकाठच्या एका मातीच्या खोलीत आली, ह्याचा विचार करताना मी आजही थक्क होते. दृष्ट काढताना मीठ-मोहरी ओवाळून चुलीत टाकतात ती ह्याच धुरीची लेक असावी. ह्या दाण्यावर भरवसा होता तो व्यवहारातही; कौटिल्याच्या अर्थशास्त्रात रुप्याच्या एका माषकाचं वजन ८८ गौरसर्षप असं दिलेलं आहे.

मावशीची गोष्ट ह्याहून वेगळी. ती वेशीपलीकडच्या वस्तीतून आमच्याकडे सुगीला यायची. १४ ऑक्टोबर १९५६ ला नागपुरात बाबासाहेबांनी धम्मदीक्षा घेतली, आणि पुढच्या काही वर्षांत तिच्या वस्तीतली घरंही बौद्ध झाली. पौर्णिमेला वस्तीत वाचन व्हायचं, त्यात तिने किसा गोतमीची गोष्ट ऐकली होती. त्याच सुमारास आजीचं एक मूल दगावलं, वर्षाचंही नसेल. आजी बोलेना, जेवेना. मोहरी बडवायचे दिवस होते. मावशी अंगणात काम करत होती आणि आजी उंबऱ्यात बसली होती. तेव्हा मावशी आमच्या ओसरीच्या खालीच बसायची, वर यायची नाही. हे लिहिलंच पाहिजे. तिथूनच तिने काठी थांबवली आणि गोष्ट सांगितली. श्रावस्तीची गोतमी मेलेलं लेकरू कडेवर घेऊन औषध मागत फिरली. बुद्धाने तिला मोहरीचे दाणे आणायला सांगितलं, पण जिथे कधी कुणी मेलं नाही अशाच घरातले. मोहरी दारोदार मिळाली. तसं घर एकही मिळालं नाही.

आजी ही गोष्ट सांगायची तेव्हा एक जागा तिला दर वेळी जड जायची. मावशीने गोष्ट संपवून एवढंच म्हटलं होतं, "माजी दोन गेली, वैनी." आजीला हे माहीतच नव्हतं. इतकी वर्षं एकाच बांधावर काम करून माहीत नव्हतं. त्या संध्याकाळी आजीने तिला ओसरीवर बोलावलं, आपल्या हाताने जेवायला वाढलं आणि आपणही तिच्यासमोर बसून जेवली. घरात ह्यावरून बोलणी झाली. आजीने ऐकून घेतली आणि पुढच्या सुगीला पुन्हा तेच केलं. एका जेवणाने गाव बदललं नाही. पण आमच्या घरात विटाळ पाळणं जे संपलं ते त्या दिवसापासून, असं काकी सांगते, आणि त्याचं श्रेय ती मावशीला देते.

मोहरीबरोबर आजीने एक धाकही दिला होता, पिवळ्या धोत्र्याचा. काटेरी, निळसर पांढुरक्या पानांचं, पिवळ्या फुलांचं हे झाड मूळचं मेक्सिकोकडचं. आता ते आपल्या प्रत्येक पडीक जमिनीत आणि रस्त्याकडेला दिसतं. मोडलं की पिवळा चीक येतो. त्याची बोंडं मोहरीच्याच सुमारास पिकतात आणि दाणा लांबून थेट मोहरीसारखा. त्याच्या तेलात सँग्विनरीन नावाचं विष असतं. ते मोहरीच्या तेलात मिसळलं की पायांना सूज येते, धाप लागते, हृदय थकतं. कलकत्त्यात १८७७ साली ह्या सुजेची साथ प्रथम नोंदली गेली आणि १९९८ साली दिल्लीत ह्याच भेसळीने साठांहून अधिक माणसं मेली. आजी सूप संपल्यावर मोहरी ताटलीत पसरून बसायची आणि संशयाचा दाणा नखाखाली चिरडायची. मोहरी वरून गुळगुळीत आणि आत पिवळी. धोत्र्याचा दाणा वरून खरबरीत आणि आत पांढरा. अन्नभेसळ ओळखण्याची जी घरगुती चाचणी आज सरकारी पत्रकांत छापतात, ती अगदी हीच आहे. हे मात्र प्रत्येक घरात पोराबाळांना शिकवलं पाहिजे असं मला कळकळीने वाटतं.

आता आमच्या मळ्यात गव्हाऐवजी कोबी असतो. आणि गंमत पाहा, मोहरी परत आली आहे. कोबीच्या दर २५ ओळींमागे मोहरीच्या २ ओळी लावायची शिफारस आहे. एक कोबीच्या आधी पंधरा दिवस आणि दुसरी लागवडीनंतर पंचवीस दिवसांनी, म्हणजे कोवळा पाला सतत राहतो. चौकोनी ठिपक्यांचा पतंग कोबी सोडून मोहरीवर अंडी घालतो, मावाही तिच्यावर जमतो. चुलतभाऊ ह्या ओळी न चुकता लावतो आणि त्याची फवारणी खरोखर कमी झाली आहे. पण किडी मारायचं औषध त्या ओळींवरच पडतं. त्यामुळे त्या मोहरीचा पाला खायचा नाही, दाणा धरायचा नाही. बाजारात तयार पाकीट आहे, आणि विदर्भात भाभा अणुसंशोधन केंद्र आणि अकोल्याच्या कृषी विद्यापीठाने मिळून काढलेला टीएएम १०८-१ सारखा वाण मोठ्या शेतावर येऊ लागला आहे. रब्बीत कमी पाण्याचं पीक म्हणून मोहरी महाराष्ट्रात वाढावी, असं मलाही वाटतं. माझं मागणं एवढंच आहे की त्या हिशेबात घरच्या ओळीचं बी बुडू नये. आजीची चिंधी राहिली नाही. ती गेल्यावर दोन-तीन वर्षांत कुणी पेरलं नाही आणि दुष्काळ पाहिलेला तो वाण संपला.

काकीने मात्र माहेरहून आणलेली बारीक मोहरी परसात टिकवली आहे. यंदा माझ्या धाकट्या सुनेने तिच्याकडे बी मागितलं, तेव्हा काकीने दिलं आणि सांगितलं ते असं. दसऱ्याचे घट उठले की पेरायचं, दिवाळी होऊ द्यायची नाही, नाहीतर पुढे मावा गाठतो. बी एकटं फोकायचं नाही, मुठीत मावत नाही, एका जागी पडतं. चौपट कोरडी वाळू मिसळायची. बोटाच्या एका पेराहून खोल जाऊ द्यायचं नाही. चौथ्या दिवशी वर येतं. वीतभर झालं की दाटी उपटून काढायची आणि हात-हात अंतर ठेवायचं. जी उपटली ती त्या दिवशीची भाजी, लसूण जास्त घालायचा. आणि पहिल्या साली शेंगा खायच्या नाहीत, विकायच्या नाहीत, सगळं बियाला.